अवजड गाडीची बॅटरी: निगा, तपासणी आणि सुरक्षितपणे जंपर लावण्याची पद्धत

ट्रक किंवा बस सकाळी सेल्फ घेईना, की सगळ्यांना आधी जंपर केबल आठवते. दुसरी गाडी जवळ आणतात, दोन चिमटे इथे, दोन तिथे, ठिणगी उडते, इंजिन सुरू होतं आणि विषय संपतो. बहुतेक वेळा यात काही बिघडत नाही, म्हणूनच ही घाई अंगवळणी पडते. बिघडतं तेव्हा मात्र बॅटरी तोंडासमोर फुटते, नाहीतर गाडीचा ईसीयू, म्हणजे इंजिन सांभाळणारा संगणक, जळतो. दोन्ही गोष्टी टाळता येतात. त्यासाठी साधा मल्टिमीटर, ॲसिडची घनता मोजणारा हायड्रोमीटर, पुरेशा जाडीची केबल आणि कुठला चिमटा कुठे लावायचा याची पक्की समज एवढंच लागतं.

हा लेख मुख्यतः २४ व्होल्टच्या गाड्यांसाठी आहे, कारण खरा गोंधळ तिथेच होतो. १२ व्होल्टच्या गाडीला हीच पद्धत चालते, फक्त आकडे निम्मे करायचे.

जोडी आधी ओळखा

लेड-ॲसिड बॅटरीचा एक सेल साधारण २.१ व्होल्टचा असतो. सहा सेल मिळून १२ व्होल्टची बॅटरी होते आणि पूर्ण चार्ज असताना ती १२.६ ते १२.७ व्होल्ट दाखवते. अवजड गाडीत अशा दोन बॅटऱ्या सिरीजमध्ये जोडलेल्या असतात. मोठं डिझेल इंजिन फिरवायला लागणारी तीच ताकद दुप्पट व्होल्टेजवर निम्म्या करंटमध्ये मिळते, म्हणून ही सोय.

बॅटरी बॉक्सचं झाकण काढा आणि जाड केबल हाताने धरून शेवटपर्यंत बघत जा. एका बॅटरीच्या प्लसवरून निघालेली केबल सेल्फकडे जाते. हिला आपण ‘सेल्फकडची बॅटरी’ म्हणू. दुसऱ्या बॅटरीच्या मायनसवरची केबल चासीला बोल्ट केलेली असते, ती ‘चासीकडची बॅटरी’. उरलेले दोन टर्मिनल, म्हणजे सेल्फकडच्या बॅटरीचा मायनस आणि चासीकडच्या बॅटरीचा प्लस, एका आखूड केबलने एकमेकांना जोडलेले असतात. हा मधला सांधा. चासीपासून मोजलं तर तिथे फक्त १२ व्होल्ट मिळतात, २४ नाहीत. जंपर लावताना होणाऱ्या मोठ्या चुका बहुतेक या सांध्यावरच होतात.

केबलच्या रंगावर विसंबू नका. जुन्या गाडीत केबल कितीदा बदललेल्या असतात आणि हाताला जी लागली ती बसवलेली असते. रंगापेक्षा केबल कुठे जाते हे महत्त्वाचं. टर्मिनलवरची खूण पुसली असेल तर गोल खांबांच्या बॅटरीत जाड खांब प्लसचा असतो. तरीही मीटर लावून खात्री करा: लाल प्रोब प्लसवर असेल तर आकडा सरळ येतो, उलट लागला तर आकड्याच्या आधी वजाचं चिन्ह दिसतं.

या दोन बॅटऱ्यांमधून करंट एकच वाहतो. म्हणजे एक थकली की दुसरी कितीही ताजी असली तरी उपयोग नाही. निगा, चार्जिंग, बदल, सगळ्याच बाबतींत जोडीचा विचार एकत्र करायचा.

पट्टी, टर्मिनल, पाणी

बॅटरीला अवजड गाडीत सर्वांत जास्त त्रास होतो तो हादऱ्यांचा. धरून ठेवणारी पट्टी सैल असेल तर बॅटरी बॉक्समध्ये आपटत राहते, प्लेटवरचा सक्रिय मसाला झडून तळाशी साचतो आणि शेवटी आतल्या आत शॉर्ट होतो. दर आठवड्याला दोन्ही बॅटऱ्या हाताने हलवून बघा. हलता कामा नयेत. पट्टी इतकीही आवळू नका की केसच तडकेल.

टर्मिनलवर पांढरा किंवा हिरवट-निळा थर जमला असेल तर तो काढा. इंजिन बंद, सगळे लाइट बंद, मेन स्विच असेल तर तोही बंद. आधी चासीकडचा मायनस सोडा. याला कारण आहे. प्लस आधी सोडायला गेलात आणि पाना चुकून चासीला टेकला, तर बॅटरीचा पूर्ण करंट पान्यातून वाहतो आणि पाना लाल होईपर्यंत तापू शकतो. मायनस सुटलेला असला तर तसाच पाना टेकूनही काही होत नाही. बसवताना उलट, मायनस सर्वांत शेवटी. हातातली अंगठी, कडं, धातूच्या पट्ट्याचं घड्याळ आधीच काढून ठेवा. बॅटरीचा टर्मिनल आणि चासी यांच्यामध्ये अडकलेली अंगठी क्षणात बोट भाजते.

खाण्याचा सोडा पाण्यात कालवून थरावर ओता. फेस थांबला की ॲसिड निष्प्रभ झालं. हे पाणी सेलमध्ये जाऊ नये म्हणून झाकणं घट्ट असल्याची खात्री आधी करा. मग स्वच्छ पाण्याने धुऊन, पुसून, खांब आणि क्लॅम्पची आतली बाजू तारेच्या ब्रशने चकचकीत करा. क्लॅम्प आवळून झाल्यावर वरून पेट्रोलियम जेलीचा पातळ थर द्या. जेली क्लॅम्पच्या आत, दोन धातूंच्या मध्ये भरायची नाही.

सांधा बाहेरून छान दिसतो पण आतून करंट अडवतो, असंही बरेचदा होतं. ते पकडायची एक फार सोपी चाचणी आहे आणि ती फारच कमी ठिकाणी केली जाते. मीटर डीसी व्होल्टवर ठेवा. एक प्रोब थेट शिशाच्या खांबाच्या मधोमध टेकवा, दुसरा त्याच खांबावर बसलेल्या क्लॅम्पवर. आता एकाला सेल्फ मारायला सांगा. आकडा जवळजवळ शून्य राहायला हवा. दोन-तीन दशांश व्होल्ट जरी दिसले तरी तो सांधा खराब आहे. चारही टर्मिनलवर हे करा. कित्येकदा नवी बॅटरी घ्यायला निघालेल्या माणसाचं काम इथेच, ब्रश आणि पान्यावर भागतं.

पाणी भरायची झाकणं असलेल्या बॅटरीत पातळी महिन्यातून एकदा बघा. कडक उन्हाळ्यात किंवा गाडी रोज लांब पळत असेल तर त्याहून लवकर. पाणी प्लेटच्या वर साधारण १० ते १५ मिलिमीटर हवं, किंवा केसवर खूण असेल तर तिथपर्यंत. फक्त डिस्टिल्ड वॉटर वापरा. नळाच्या किंवा बोअरच्या पाण्यातले क्षार प्लेटवर बसतात आणि बॅटरी आतून आपोआप उतरू लागते. ॲसिड कधीही वरून ओतू नका. बॅटरीतून उडून जातं ते पाणी, ॲसिड आतच राहतं. ॲसिड घातलं की घनता वर दिसते, बॅटरी ‘चांगली’ वाटते, पण प्लेट खाल्ल्या जातात.

पाणी भरायचं ते चार्जिंग झाल्यावर, कारण चार्ज होताना पातळी वर चढते. आधीच काठोकाठ भरलं तर ॲसिड बाहेर येतं आणि बॉक्स, चासी, वायरिंग सगळं गंजतं. प्लेट उघड्या पडल्या असतील तेवढ्यापुरत्या आधी बुडवा, चार्ज करा, मग पातळी पूर्ण करा. झाकणावरचं बारीक भोक मोकळं आहे ना, तेही बघा. गॅस तिथूनच बाहेर पडतो.

सीलबंद बॅटरीचं झाकण उचकटायचं नाही. तिची निगा म्हणजे स्वच्छता, घट्ट पट्टी आणि योग्य व्होल्टेजचं चार्जिंग.

मीटर काय सांगतो, हायड्रोमीटर काय सांगतो

इंजिन नुकतंच बंद करून मोजलेलं व्होल्टेज फसवं असतं. रात्रभर गाडी उभी राहिल्यावर, सकाळी सेल्फ मारायच्या आधी मोजा, आणि प्रत्येक बॅटरी वेगळी मोजा. फक्त टोकाटोकाला २४.६ बघून समाधान मानू नका. त्यात एक १२.७ आणि दुसरी ११.९ असू शकते.

१२.६ च्या वर: पूर्ण चार्ज.
१२.४ च्या आसपास: पाऊण. चार्जरवर लावायची वेळ झाली.
१२.२: निम्मी.
१२.० किंवा खाली: जवळजवळ रिकामी, आणि अशीच ठेवली तर नुकसान सुरू.

हे नुकसान म्हणजे सल्फेशन. बॅटरी वापरली जाते तेव्हा दोन्ही प्लेटवर लेड सल्फेट बनतं आणि ॲसिड पातळ होत जातं. लगेच चार्ज केलं तर ते सल्फेट परत विरघळतं. आठवडे तसंच राहिलं तर त्याचे स्फटिक कडक होतात आणि मग कुठलाही चार्जर ते पूर्णपणे परत फिरवू शकत नाही. १८५९ मध्ये गास्ताँ प्लांते या फ्रेंच शास्त्रज्ञाने अशी पहिली बॅटरी बनवली तेव्हापासून मूळ रसायन तेच आहे. म्हणून नियमही तोच: उतरलेली बॅटरी उतरलेली ठेवू नका.

ॲसिड पातळ होतं म्हणून त्याची घनता मोजून चार्ज कळतो. हायड्रोमीटरवर पूर्ण चार्ज सेल १.२६५ ते १.२८० दाखवतो, निम्मा उतरलेला १.१९० च्या आसपास, रिकामा १.१२०. ॲसिडचं तापमान २५ ते २७ अंश सेल्सिअसपेक्षा जास्त असेल तर दर १० अंशांना साधारण ०.००७ मिळवा, कमी असेल तर वजा करा. पाणी घातल्या घातल्या मोजू नका, ते वरच्या वरच तरंगत असतं.

एकेका आकड्यापेक्षा सेलमधला फरक जास्त बोलका असतो. पाच सेल १.२६० आणि सहावा १.२०० असेल तर तो सहावा सेल गेला. फरक ०.०५० च्या वर आणि चार्ज करूनही कमी होत नसेल, तर त्या बॅटरीवर आणखी पैसे आणि वेळ घालवू नका. बारा सेलचे आकडे तारखेसह वहीत लिहून ठेवायची सवय लावा. तिसऱ्या-चौथ्या नोंदीला कुठला सेल मागे पडतोय ते आपोआप दिसतं, गाडी रस्त्यात बंद पडायच्या कितीतरी आधी.

सेल्फ मारतानाचं व्होल्टेजही बघा. चांगली बॅटरी सामान्य हवेत सेल्फच्या भाराखाली ९.६ व्होल्टच्या खाली जात नाही, म्हणजे जोडी १९ च्या वर राहते. एक १०.५ वर थांबली आणि दुसरी ८ वर कोसळली, तर दोषी कोण ते कळलं.

इंजिन चालू असताना जोडीवर साधारण २७.५ ते २८.५ व्होल्ट असावेत. २६ च्या आसपास अडकत असेल तर आधी बेल्टचा ताण बघा, मग अल्टरनेटरच्या (इंजिनावर फिरून बॅटरी चार्ज करणाऱ्या यंत्राच्या) केबलचे सांधे, मग अल्टरनेटर. आकडा २९ च्या पुढे जात असेल तर रेग्युलेटर बिघडलाय. पाणी सारखं कमी होणं, केस गरम लागणं, कुजलेल्या अंड्यासारखा वास, ही सगळी जास्त चार्जिंगची लक्षणं. वास येत असेल तर इंजिन बंद करा आणि बॅटरी गार होईपर्यंत तिच्यावर वाकू नका. तो हायड्रोजन सल्फाइड आहे, विषारी आहे.

एकाच बॅटरीवरून १२ व्होल्ट काढण्याची खोड

यावर थोडं जास्त लिहितो, कारण जोडी बिघडण्याचं हे मोठं कारण आहे आणि ते सहज टाळता येतं. गाडी २४ व्होल्टची, म्युझिक सिस्टिम किंवा चार्जिंग सॉकेट १२ व्होल्टचं. मग वायरमन मधल्या सांध्यावरून एक वायर काढतो आणि काम भागवतो. आता चासीकडची बॅटरी रोज थोडी जास्त उतरते, सेल्फकडची उतरत नाही. अल्टरनेटरला मात्र फक्त एकूण २८ व्होल्ट दिसतात. सेल्फकडची बॅटरी भरलेली असल्यामुळे त्यातले १५ ती घेते आणि चासीकडचीला १३ च मिळतात. एक जास्त चार्ज होऊन पाणी उडवते, दुसरी अर्धपोटी राहून सल्फेट होते. काही महिन्यांत दोन्ही जातात आणि दोष बॅटरी बनवणाऱ्यावर येतो.

तुमच्या गाडीच्या मधल्या सांध्यावर आखूड केबलशिवाय एखादी बारीक वायर दिसली तर ती काढायला सांगा आणि २४ वरून १२ करणारा कन्व्हर्टर लावून घ्या. कन्व्हर्टर दोन्ही बॅटऱ्यांवर सारखा भार टाकतो.

याच कारणासाठी बॅटऱ्या बदलायच्या त्या जोडीने. एकाच प्रकारच्या, एकाच क्षमतेच्या, शक्यतो एकाच महिन्यात बनलेल्या. नवी आणि जुनी एकत्र बांधली तर जुनी नवीला आपल्याबरोबर खाली ओढते.

गाडी उभी राहणार असेल तर

ट्रॅकर, घड्याळ, ईसीयू हे गाडी बंद असतानाही थोडा करंट खातात. तो १०० मिलिॲम्पिअर असेल तर दिवसाला २.४ आणि महिन्याला ७२ ॲम्पिअर-अवर झाले. १५० ॲम्पिअर-अवरची जोडी निम्मी रिकामी. आठवड्यापेक्षा जास्त गाडी उभी राहणार असेल तर मेन स्विच बंद करा किंवा मायनस सोडा. डीईएफ (धूर स्वच्छ करण्यासाठी एक्झॉस्टमध्ये फवारलं जाणारं द्रावण) वापरणाऱ्या गाडीत इग्निशन बंद केल्यावर काही मिनिटं थांबूनच मेन स्विच बंद करायचा. पंप नळीतलं द्रावण मागे ओढून घेत असतो. मध्येच वीज तोडली तर ते नळीत राहून खडे होतात. काही गाड्यांत यासाठी स्विचजवळ दिवा असतो, तो विझेपर्यंत वाट पाहा. उभ्या गाडीची बॅटरी महिन्याला एकदा मोजा आणि १२.४ च्या खाली गेली की चार्ज करा.

जंपर लावायच्या आधी

आधी ठरवा की जंपर लावायचाच का. केस फुगलेली, तडकलेली किंवा गळकी असेल, प्लेट कोरड्या पडल्या असतील, वास येत असेल, तर नाही. कडाक्याच्या थंडीत बॅटरी गोठलेली असेल तरीही नाही. पूर्ण चार्ज बॅटरी उणे ५० अंशांपर्यंतही गोठत नाही, पण रिकाम्या बॅटरीत जवळजवळ पाणीच उरलेलं असल्यामुळे ती उणे ७ ते १० अंशांतच गोठते. गोठलेल्या बॅटरीतून करंट सोडला तर ती फुटू शकते. जोडीचं व्होल्टेज २० च्या बरंच खाली असेल तर जंपरने सेल्फ फिरवण्याचा हट्ट सोडा. आधी चार्जर.

धोका कुठून येतो तेही समजून घ्या. चार्ज होताना पाण्याचं विघटन होऊन हायड्रोजन आणि ऑक्सिजन बाहेर पडतात. हवेत हायड्रोजनचं प्रमाण ४ टक्क्यांच्या वर गेलं की तो ठिणगीने पेटतो, आणि बंद बॅटरी बॉक्समध्ये तेवढा सहज साठतो. म्हणून झाकण काढून काही मिनिटं हवा खेळू द्या. विडी-सिगारेट, लायटर, उघडी ज्योत जवळ नको. पाना टेकवून ठिणगी बघत बॅटरीत ‘दम’ आहे का तपासायची जुनी पद्धत पूर्ण बंद करा. मीटर तेच काम बिनधोक करतो.

डोळ्यांवर चष्मा आणि हातात रबरी मोजे हवेत, यात तडजोड नाही. जवळ भरपूर स्वच्छ पाणी ठेवा. ॲसिड डोळ्यात गेलं तर पापण्या उघड्या धरून किमान १५ ते २० मिनिटं पाणी सोडत राहा आणि लगेच डॉक्टरकडे जा. डोळ्यात सोडा घालू नका, तो फक्त धातूसाठी आणि जमिनीवर सांडलेल्या ॲसिडसाठी.

केबलच्या जाडीकडे कुणी बघत नाही, म्हणून हिशेबच मांडतो. लाल आणि काळी केबल पाच-पाच मीटरची, म्हणजे करंटचा रस्ता दहा मीटर. मोठ्या इंजिनाचा सेल्फ ६०० ॲम्पिअर ओढतोय असं धरा. १६ चौरस मिलिमीटर तांब्याच्या केबलमध्ये साडेसहा व्होल्ट वाटेतच जिरतात. ७० चौरस मिलिमीटरच्या केबलमध्ये दीड. कारची केबल ट्रकला लावली की ती तापते, वास येतो आणि सेल्फ मात्र ‘टक्’ करून थांबतो, त्याचं कारण हेच. अवजड गाडीसाठी ५० ते ७० चौरस मिलिमीटरची, पूर्ण तांब्याची आणि झाकलेल्या चिमट्यांची केबल घ्या. इन्सुलेशन जाड असलं म्हणजे आत तांबं जाड असतंच असं नाही, टोकाशी उघडून बघा.

मदतीची गाडी २४ व्होल्टचीच हवी. १२ व्होल्टच्या कारने ट्रक उठवायचा प्रयत्न करू नका, आणि ट्रकने कार तर मुळीच नाही.

जंपर, पायरीपायरीने

पहिली पायरी: दोन्ही गाड्या केबल पोहोचेल इतक्या जवळ, पण एकमेकींना कुठेही न टेकता उभ्या करा. बंपर बंपरला लागला तर चासीमार्गे मायनस आधीच जोडला जातो आणि ठिणगी आपल्याला नको तिथे पडते. हँडब्रेक ओढा, गिअर न्यूट्रल, चाकांना उटी लावा. दोन्ही इंजिनं बंद. लाइट, पंखा, म्युझिक सगळं बंद. बंद पडलेल्या गाडीचा मेन स्विच मात्र चालू हवा, नाहीतर चासी बॅटरीला जोडलेलीच नसते.

दुसरी पायरी: दोन्ही गाड्यांत सेल्फकडचा प्लस शोधा. गाडीला जंपरसाठी वेगळे खांब दिलेले असतील तर तेच वापरा. मीटरचा लाल प्रोब त्या प्लसवर, काळा चासीच्या स्वच्छ भागावर. दोन्ही आकडे लिहून घ्या. समजा मदतीच्या गाडीत २५.४ आले आणि बंद गाडीत २२.६. कुठेही १२ च्या आसपास आकडा आला तर तुम्ही मधल्या सांध्यावर आहात. वजाचं चिन्ह आलं तर उलटं धरलंय.

तिसरी: लाल केबलचा एक चिमटा बंद गाडीच्या सेल्फकडच्या प्लसवर. घट्ट, हलवून बघा. दुसरं टोक तोपर्यंत कशालाही टेकू देऊ नका.

चौथी: लाल केबलचं दुसरं टोक मदतीच्या गाडीच्या सेल्फकडच्या प्लसवर.

पाचवी: काळ्या केबलचा एक चिमटा मदतीच्या गाडीच्या चासीकडच्या मायनसवर.

आता थांबा. काळ्या केबलचं एक टोक मोकळं आहे. ते जोडायच्या आधी मीटरचा एक प्रोब त्या मोकळ्या चिमट्यावर आणि दुसरा बंद गाडीच्या चासीवर टेकवा. चिन्हाकडे लक्ष देऊ नका, आकडा बघा. मघाशी लिहिलेल्या दोन आकड्यांचा जो फरक, तोच इथे यायला हवा: आपल्या उदाहरणात २.८ व्होल्ट. १४ च्या आसपास आला तर लाल चिमटा बंद गाडीच्या मधल्या सांध्यावर लागलाय. तसंच जोडलं असतं तर मदतीच्या गाडीचे पूर्ण २५ व्होल्ट एकट्या १२ व्होल्टच्या बॅटरीवर गेले असते. ४० च्या वर आला तर प्लस-मायनस उलटे आहेत. ही एक मिनिटाची तपासणी मी कुठल्याही परिस्थितीत वगळणार नाही, पावसात आणि अंधारात तर नाहीच. त्याच वेळी रंग दिसत नाहीत आणि मन घाईत असतं.

सहावी: काळ्या केबलचं मोकळं टोक बंद गाडीच्या इंजिन ब्लॉकवर किंवा चासीच्या रंग नसलेल्या जाड भागावर लावा. बॅटरीपासून जितकं दूर जमेल तितकं, आणि डिझेलच्या नळ्यांपासूनही दूर. शेवटचा चिमटा लावताना ठिणगी हमखास उडते. ती हायड्रोजनपासून लांब उडावी एवढ्यासाठीच हा सगळा क्रम आहे.

सातवी: केबल पंख्यात किंवा बेल्टमध्ये जाणार नाही हे बघून मदतीच्या गाडीचं इंजिन सुरू करा. साध्या चालीपेक्षा थोडं वर ठेवून पाच ते दहा मिनिटं चालू द्या. या वेळात बंद गाडीची जोडी वरवरचा चार्ज घेते आणि सेल्फचा सगळा भार केबलवर पडत नाही. सेल्फ मारताना मदतीचं इंजिन चालू ठेवायचं की बंद करायचं, हे गाडीगाडीवर ठरतं. मदतीच्या गाडीच्या पुस्तिकेत बंद करायला सांगितलं असेल तर बंद करा, तिचा अल्टरनेटर वाचवण्यासाठीच ते लिहिलेलं असतं.

आठवी: सेल्फ मारा. एका वेळी १० ते १५ सेकंद, त्याहून जास्त नाही. मध्ये किमान दोन मिनिटं थांबा. सेल्फची मोटर फार लवकर तापते आणि गार व्हायला वेळ घेते. तीन-चार प्रयत्नांत इंजिन नीट फिरतंय पण उठत नसेल तर दोष डिझेलमध्ये किंवा हवेत शोधा. फिरतच नसेल आणि चिमटे गरम लागत असतील तर चिमट्यांची पकड आणि केबलची जाडी बघा.

नववी: इंजिन सुरू झालं की लगेच केबल ओढू नका. दोन-तीन मिनिटं चाल स्थिर होऊ द्या. केबल काढायच्या आधी सुरू झालेल्या गाडीत केबिनचा ब्लोअर पूर्ण वेगात लावा. केबल सुटताना व्होल्टेज एकदम उसळतं, ते ब्लोअर पचवतो. हेडलाइट लावू नका, बल्ब जाऊ शकतात. मग नेमक्या उलट क्रमाने: आधी नव्याने सुरू झालेल्या गाडीच्या ब्लॉकवरचा काळा, मग मदतीच्या गाडीचा काळा, मग मदतीच्या गाडीचा लाल, शेवटी दुसरा लाल. सुटलेले चिमटे एकमेकांना लागू देऊ नका.

सुरू झालेल्या इंजिनावर बॅटरीचा टर्मिनल काढून ‘अल्टरनेटर चार्ज करतोय का’ बघणं हा गाडी मारायचा खात्रीचा मार्ग आहे. बॅटरी सुटताच अल्टरनेटरचं व्होल्टेज उसळतं आणि ईसीयूपासून मीटरपर्यंत काहीही जळू शकतं. चार्जिंग बघायचं तर मीटर लावा, २८ च्या आसपास दिसलं की झालं.

सुरू झाल्यानंतरचे दोन दिवस

तासभर गाडी पळवली म्हणजे बॅटरी भरली, असं होत नाही. लेड-ॲसिड बॅटरी सुरुवातीला झपाट्याने चार्ज घेते, पण शेवटचे २० टक्के भरायला तिला कित्येक तास लागतात. शिवाय रिकामी जोडी अल्टरनेटरवर सतत पूर्ण भार टाकते आणि तो तापतो. म्हणून मुक्कामावर पोहोचलात की त्याच दिवशी चार्जर लावा.

गाडीचा मायनस सोडून, मधली आखूड केबल काढून, दोन्ही बॅटऱ्या १२ व्होल्टच्या चार्जरवर वेगवेगळ्या चार्ज करा. जोडी समतोल करायचा हाच खरा उपाय. करंट क्षमतेच्या दहाव्या भागाइतका: १५० ॲम्पिअर-अवरला १५ ॲम्पिअर. निम्मी उतरलेली असेल तर आठ-दहा तास धरून चाला. चिमटे लावताना आणि काढताना चार्जर बंद हवा. केस हाताला चांगलीच गरम लागली, म्हणजे ५० अंशांच्या जवळ गेली, तर करंट कमी करा किंवा थांबवा. बॅटरी उचलायची वेळ आली तर दोघांनी मिळून उचला, या आकाराची एक बॅटरी ४० किलोच्या वरच भरते.

चार्जर काढल्यावर केबल न जोडता रात्रभर तशीच ठेवा आणि सकाळी मोजा. दोन्ही १२.६ च्या वर आणि बारा सेलची घनता जवळपास सारखी असेल तर बॅटऱ्या चांगल्या आहेत. मग त्या उतरल्या कशाने ते गाडीत शोधा: चालू राहिलेला दिवा, सैल बेल्ट, चोरून करंट खाणारी एखादी जोडणी. त्यासाठी गाडी बंद करून चासीकडच्या मायनसमध्ये मीटर ॲम्पिअरवर लावा आणि फ्यूज एकेक करून काढत जा. ज्या फ्यूजला आकडा एकदम खाली येतो, त्या सर्किटमध्ये गळती आहे. मीटर लावलेला असताना सेल्फ मारू नका, मीटर जळेल. आणि रात्रभर नुसती ठेवूनही एक बॅटरी १२.२ वर आली, तर गाडीत काही शोधत बसू नका, त्या बॅटरीचाच एखादा सेल गेलाय. ती आणि तिची जोडीदार, दोन्ही एकदम बदला. जुन्या बॅटऱ्या भंगारात न टाकता विक्रेत्याकडे परत द्या, आतलं शिसं आणि ॲसिड मातीत जाता कामा नये.